निघताना एकदा जाऊन ये!

बॅगा दारात आणून ठेवलेल्या असतात. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत असतो. गॅस बंद केला का, हे बघायला एक फेरी आत झालेली असते. आणि तेवढ्यात आई ओरडते, "निघताना एकदा जाऊन ये गं!" आपण म्हणतो, "अगं, आत्ताच तर जाऊन आले." तरी जातो. आणि गंमत म्हणजे खरंच लागलेली असते!

हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्याकडे शोधून सापडायची नाही. आपणही ते पुढे मुलांना म्हणतो, सुनांना म्हणतो, म्हाताऱ्या सासूबाईंना म्हणतो. पण दहा मिनिटांपूर्वी जाऊन आलेल्या माणसाला निघायच्या वेळी पुन्हा का लागते, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. विषयच तसा. नाक मुरडायचा.

आज मी तोच विषय घेणार आहे. कारण आमच्या वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आम्ही बार्शीला, त्यांचं माहेर नांदेडकडे. एसटीने पाच-सहा तासांचा रस्ता. माझ्या लग्नाला आता सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कुठे लग्न निघालं, कुठे देवदर्शन निघालं की वहिनींचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही जा गं, मला गाडी लागते." आम्ही लिंबू दिलं, आवळा सुपारी दिली, गोळ्या दिल्या. वहिनी घरीच. माहेरी जाणंही वर्षातून एकदा, मग दोन वर्षांतून एकदा असं होत गेलं. त्यांची आई शेवटची दीड वर्षं अंथरुणावर होती. तिची वाट बघून बघून झाली. वहिनी गेल्या त्या तिसऱ्या दिवशी.

हे झाल्यावर कितीतरी महिन्यांनी, एका रात्री लाइट गेले म्हणून आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. अंधारातच त्या म्हणाल्या, "तुला खरं सांगू? मला गाडीबिडी काही लागत नाही गं. निघायचं ठरलं की माझ्या पोटात सुरू होतं. सकाळपासून चारदा जाऊन येते. स्टँडवर गेलं की पुन्हा. मग वाटतं, गाडी मधेच थांबली नाही तर? कुणाला काय सांगायचं? त्यापेक्षा गाडी लागते म्हटलेलं बरं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "या एका गोष्टीपायी आईला बघायचं राहिलं."

मी काहीच बोलू शकले नाही. बोलले असते तर माझंच सांगावं लागलं असतं.

सातवीत असताना माझं नाव वक्तृत्व स्पर्धेत होतं. भाषण तोंडपाठ. आईने दोन वेण्या घालून दिलेल्या. पण माझा नंबर जवळ यायला लागला आणि मला लघवीला लागली. जाऊन आले. परत लागली. तिसऱ्यांदा परवानगी मागितली तेव्हा बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिचं भाषण बहुतेक तिकडेच होणार!" सगळा हॉल हसला. मी भाषण केलं, पण काय केलं ते मला आठवत नाही. हसणं आठवतं. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी स्टेजवर पाय ठेवला नाही.

मैत्रिणींनो, हे तुमच्यापैकी कुणाकुणाचं झालंय? परीक्षेच्या सकाळी, पाहुणे बघायला येणार त्या दुपारी, नोकरीच्या मुलाखतीला बाकड्यावर बसलेलं असताना, ऑपरेशनच्या आदल्या रात्री? आणि नुसत्या भीतीनेच होतं असं नाही हं. आनंदानेही होतं. पहिल्या दिवाळसणाला माहेरी निघताना, लेकीच्या लग्नात मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी, मुलाचा निकाल लागायच्या क्षणी. मन उचंबळलं की पोट आणि ओटीपोट दोन्ही आपली हजेरी लावतातच.

आपल्या बोलण्यात हे कधीपासून आहे. 'पोटात गोळा आला' आपण म्हणतो, 'पोटात कालवाकालव झाली' म्हणतो. म्हणजे मनाचं आणि पोटाचं नातं आपल्या आज्या-पणज्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्याच बोलण्यात घाबरलेल्या माणसाला ओल्या चड्डीवरून चिडवायचीही सोय आहे. त्यामुळे होतं सगळ्यांना आणि लपवतात सगळे.

तर हे होतं तरी कसं?

आपल्या शरीरातली बरीच कामं आपल्याला न विचारता चालतात. हृदयाची धडधड, पचन, घाम. ही कामं बघणारी एक वेगळी व्यवस्था आहे. तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिचे दोन मुख्य भाग. एक धावपळीच्या वेळी कामाला लागणारा, दुसरा निवांत वेळी. संकट आलं, की धावपळीचा भाग सूत्रं हातात घेतो. हृदय जोरात धडधडतं, तोंडाला कोरड पडते, तळव्यांना घाम सुटतो. शरीराच्या लेखी संकट म्हणजे संकट. समोर वाघ आहे, गणिताचा पेपर आहे की होणाऱ्या सासूबाई आहेत, हा फरक ते फार करत नाही.

पोटाची गोष्ट आणखी वेगळी. आतड्यांच्या भिंतीतच मज्जापेशींचं एक मोठं जाळं आहे. दहा कोटींहून जास्त पेशी! म्हणून तर काही शास्त्रज्ञ आतड्याला दुसरा मेंदू म्हणतात. हा पोटातला मेंदू आणि डोक्यातला मेंदू सतत एकमेकांशी बोलत असतात. व्हेगस नावाची एक लांब नस डोक्यापासून पोटापर्यंत उतरते. तिच्यातले बहुतेक तंतू खालचा निरोप वर नेतात. म्हणजे पोट मेंदूचं ऐकतं त्यापेक्षा त्याला सांगतंच जास्त.

मनावर ताण आला की मेंदूत एक रसायन वाढतं. त्याचा परिणाम मोठा मजेशीर आहे. वरच्या बाजूला जठराचं काम मंदावतं आणि खालच्या बाजूला मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. आता परीक्षेच्या सकाळचं मूल आठवा. घास घशाखाली उतरत नाही आणि दुसरीकडे तीनदा संडासला जाऊन येतं. आपण म्हणतो, "खाल्लं तर काही नाही, मग येतंय कुठून?" ते कालचं असतं. आतडं ते नेहमीपेक्षा घाईने पुढे ढकलतं, त्यातलं पाणी शोषायला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून पातळही होतं.

यावर शंभर वर्षांहून जास्त काळ अभ्यास चाललाय. वॉल्टर कॅनन हे अमेरिकेतले मोठे शरीरशास्त्रज्ञ. १८९०च्या दशकाच्या शेवटी, हार्वर्डमध्ये विद्यार्थी असतानाच, त्यांनी नव्याने सापडलेल्या क्ष-किरणांनी मांजरीच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर शांत असली की जठर नीट चाले. ती घाबरली, चिडली की हालचाल थांबे. पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे डॉक्टर थॉमस आल्मी यांनी माणसाच्या मोठ्या आतड्यावर काम केलं. वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याची नळी घालून तपासणी चालू असताना त्याला खोटंच भासवलं, की आत कॅन्सरसारखं काही दिसतंय. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्याचं आतडं आवळलं, लाल झालं. ते खोटं होतं, असं सांगितल्यावर पुन्हा सैल पडलं. असला प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण एक गोष्ट त्याने दाखवून दिली. पोटात होतं ते खरंच होतं. 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावण्यासारखं ते नाही.

आता लघवीचं बघू. मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. पण मावते ४०० ते ५०० मिलिलिटर. म्हणजे पहिली सूचना येते तेव्हा निम्मी पिशवीही भरलेली नसते. मेंदूच्या तळाशी एक केंद्र आहे, ते 'सोड' म्हणतं. आणि कपाळामागचा मेंदूचा भाग त्याला 'थांब, आत्ता नको' म्हणून दाबून धरतो. लहान मूल दोन-तीन वर्षांचं झालं की हेच 'थांब' शिकतं.

एरवी हे 'थांब' इतकं सवयीचं असतं की पहिली सूचना आपल्या लक्षातही येत नाही. भाजी निवडता निवडता तास निघून जातो. पण मनात खळबळ उडाली की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे मूत्राशयाच्या बारीकशा जाणिवेकडेही लक्ष जातं, ती मोठी वाटायला लागते. आणि दुसरं, ते वरचं 'थांब' जरा सैल पडतं. खरं तर धावपळीची मज्जासंस्था लघवी धरून ठेवायलाच मदत करते. पण भावनांची केंद्रं त्या खालच्या केंद्रालाही जोडलेली आहेत, त्यामुळे तिकडून गडबड होते. म्हणून अर्धीच भरलेली पिशवी पूर्ण भरल्याचा निरोप पाठवते. तुम्ही दहा मिनिटांपूर्वी जाऊन आलेल्या असता, पुन्हा बसलात की चार थेंब येतात. खोटं नसतं ते. फक्त अतिशयोक्ती असते!

याची सवयही लागते. बाजारातून घरी येईपर्यंत काही नसतं आणि कुलपात किल्ली घातली की धीर धरवत नाही. नळाचा आवाज ऐकला की लागते. मेंदूने दार आणि मोरी यांची गाठ मनाशी बांधून टाकलेली असते. आणि आता तुमच्या लक्षात आलं असेल, 'निघताना जाऊन ये' हेसुद्धा तसंच. चप्पल घातली की लागली!

काहींचं नेमकं उलटं होतं. दाराबाहेर कुणी उभं असलं, आत कडी नीट लागत नसली, की येतच नाही. लग्नघरी तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. त्यामागेही हीच व्यवस्था. खालची झडप सैल सोडायला मन निवांत लागतं. ते नसलं की झडप घट्ट.

मग आपण बायका यावर करतो काय? पाणी पिणं बंद करतो! प्रवास आहे, पाणी नको. शाळेत मीटिंग आहे, पाणी नको. कचेरीत काम आहे, पाणी नको. दिवसभर कोरडं राहायचं, लागली तरी दाबून धरायची, आणि संध्याकाळी घरी येऊन डोकं धरून बसायचं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते आणि पिवळी, घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी टोचते. म्हणजे ज्यासाठी पाणी सोडलं तेच वाढतं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे जंतुसंसर्गही आपल्यालाच जास्त. शिवाय पाणी कमी म्हणजे बद्धकोष्ठता, आणि तटतटलेलं पोट मूत्राशयावर दाब देतं.

दुसरी चूक 'असू दे, जाऊनच येते' ही. दर अर्ध्या तासाला लागलेली नसताना जात राहिलं की मूत्राशयाला थोड्यावरच निरोप पाठवायची सवय लागते. प्रवासाला निघताना एकदा जावं, आईचं बरोबरच आहे. सहादा जाऊ नये.

मग करायचं काय? माझ्या डॉक्टर मैत्रिणीकडून शिकलेलं आणि स्वतःवर करून पाहिलेलं सांगते.

निघायच्या तास-दीड तास आधी उठून व्हा. पोटात काही गेलं की मोठं आतडं हलतं, ही शरीराची रीतच आहे. चहा घेतला की लागते ती यामुळेच. म्हणून चहा-पोहे स्टँडवर नकोत, घरीच घ्या आणि मग पंधरा-वीस मिनिटं पोटाला द्या. घाईत, कुणी दार वाजवत असताना पोट साफ होत नाही. घरातल्यांनी त्या वेळात बाईला हाक मारू नये, एवढी शिस्त घराला लावा! प्रवासाच्या दिवशी चहा-कॉफी कमी, तिखट-तेलकट कमी. पाणी मात्र घोट घोट चालू ठेवा.

कळ आली की धावू नका. धावलं की ती वाढते. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर बसा. लघवी मधेच थांबवताना जे स्नायू आपण आवळतो, ते चार-पाच वेळा आवळून सोडा. श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. लांब उच्छ्वासाने निवांत भागाला बळ मिळतं. कळ लाटेसारखी असते, येते, चढते आणि ओसरते. ओसरली की शांतपणे चालत जा. वारंवार जायची सवय असेल तर दर आठवड्याला मधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा. ओटीपोटाखालच्या या स्नायूंचा व्यायाम रोज केला तर खोकताना, हसताना थेंब गळतात तेही बऱ्याच जणींचं कमी होतं. ते गळणं वेगळं बरं का. त्यात घाबरण्याचा संबंध नसतो, बाळंतपणांत आणि वयामुळे सैल पडलेल्या स्नायूंचा असतो.

पाळीच्या पहिल्या दिवसांत पोट ढिलं होतं, तेही लक्षात ठेवा. ती रसायनं गर्भाशयाला आवळतात तशी आतड्यालाही हलवतात.

पण सगळंच घबराटीवर घालू नका. लघवीला जळजळ, ताप, लघवीतून किंवा शौचातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून शौचासाठी उठावं लागणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, खूप तहान आणि खूप लघवी, मांड्यांच्या मधे बधिरपणा, यातलं काही असेल तर डॉक्टर गाठा. बधिरपणा असेल तर त्याच दिवशी. पोट दुखून वारंवार जावं लागणं महिनोन्महिने चालू असेल, तर आतड्याचा एक चिडका आजार असतो, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. तो बायकांत जास्त आढळतो आणि त्याला उपचार आहेत. आणि डॉक्टरांसमोर 'खालचा त्रास' म्हणू नका. लघवी म्हणा, संडास म्हणा. किती वेळा, कधी, ते सांगा. औषधांच्या दुकानातून जुलाब थांबवायची गोळी मनानेच घेऊन प्रवास करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. ती सवय नको.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते.

मागे एका गावात महिला मेळाव्याला गेले होते. तिथल्या सरपंचबाई हुशार, पदवीधर. २०११ साली महाराष्ट्रात गावापासून जिल्ह्यापर्यंत निम्म्या जागा महिलांना मिळाल्या, म्हणून अशा किती जणी पुढे आल्या. जेवताना त्या मला हळूच म्हणाल्या, "ताई, ग्रामसभेच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही. खुर्चीवर बसलं की पोटात कळ येते. पंचायतीत बायकांचं बाथरूम नाही. मग मालकच बोलतात माझ्याऐवजी."

मालकच बोलतात! आपण चेष्टेने सरपंचपती म्हणतो. त्याला बरीच कारणं आहेत, पुरुषांची मक्तेदारी आहेच. पण एक कारण पोटातली ती कळ आणि नसलेलं एक दार असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी बायकांचे नकार वेगळे ऐकायला लागले. 'नको गं, मला नाही जमणार.' 'मला गर्दी सोसत नाही.' 'मला गाडी लागते.' यातले किती नकार मनाचे आणि किती ओटीपोटाचे?

आणि यातली अर्धी गोष्ट आपल्या हातात नाहीच. कळ आली आणि समोर स्वच्छ, कडी लागणारं दार असेल तर ती कळ दोन मिनिटांची. दार नसेल तर तीच दिवसभराची दहशत. जवळ सोय आहे, एवढं कळलं तरी निम्मी कळ जाते, हे तुम्हीही अनुभवलं असेल. म्हणजे मुतारी ही बायकांच्या मज्जासंस्थेवरचं औषधच आहे म्हणा ना!

२०११ साली मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली, तेव्हा नाव ऐकून लोक हसले होते. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर डिसेंबर २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं. पण ते मोठ्या शहरांचं झालं. आपल्या तालुक्याच्या गावात बाजारपेठ आहे, दवाखाने आहेत, बँका आहेत, बायकांची ही सोय किती ठिकाणी आहे ते एकदा मोजून बघा. मार्च २०२३मध्ये एसटीत बायकांचं तिकीट निम्मं झालं आणि गाड्या बायकांनी भरून गेल्या. तिकीट निम्मं झालं, पण वाटेतलं दार? नगरपालिकेत, ग्रामसभेत हा विषय आपणच मांडला पाहिजे. पुरुष मांडणार नाहीत, कारण त्यांना भिंत पुरते.

आणि शिक्षकांना एक हात जोडून विनंती. परीक्षेच्या हॉलमध्ये एखाद्या मुलीने हात वर केला, दुसऱ्यांदा केला, तर तिला जाऊ द्या. कॉपीची शंका असेल तर सोबत शिपाईमावशींना पाठवा. पण हसू नका. त्या हसण्याचं ओझं ती किती वर्षं वाहील, तुम्हाला कल्पना नाही.

गच्चीवरच्या त्या रात्रीनंतर मी वहिनींना माझी सातवीतली गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या, मग डोळे पुसले. डॉक्टरांकडे गेलो. थोडं औषध, थोडा व्यायाम. आधी बार्शीतल्या बार्शीत, मग सोलापूरपर्यंत, असं करत आम्ही दोघींनी प्रवास केला. त्रास गेला नाही अजून. कमी झाला.

गेल्या भाऊबीजेला त्या नांदेडला निघाल्या, मी सोबत. वाटेत एका स्टँडवर गाडी थांबली. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पदर खोचला, सरळ खिडकीपाशी गेल्या आणि आत बसलेल्या साहेबांना सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लघवीला जायचंय. किल्ली द्या."

किल्ली मिळाली. आणि वहिनींच्या मागे आणखी सात जणी रांगेत उभ्या राहिल्या. त्या सगळ्या इतका वेळ गाडीत गप्प बसून होत्या.